पंप उतरवण्याआधी टाकीत बघा

जुनी डिझेल गाडी घ्यायची, सीटा काढायच्या, पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवायची आणि कुटुंबासकट निघायचं, हे वेड आता पुण्या-मुंबईपुरतं राहिलेलं नाही. बहुतेकांच्या हाती येते ती जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. कुणाला चारशेसातवर बांधलेली मिनीबस मिळते, कुणाला शाळेची निवृत्त बस. आतलं सुतारकाम, सोलर, फ्रीज यांत मालकाचा जीव गुंततो. इंजिन मात्र ‘चालतंय ना?’ एवढ्या एका शेऱ्यावर पास होतं. मग केव्हातरी घाटात गाडी हिसके द्यायला लागते, दम सोडते, बंद पडते. जवळच्या गावातला मिस्त्री येतो, दोनदा सेल्फ मारून बघतो आणि सांगतो, “पंप गेलाय साहेब, उतरवावा लागेल.”

अशी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना माझं सांगणं एवढंच आहे, की या वाक्यावर लगेच मान डोलावू नका. पंप कधी जातच नाही असं नाही. पण जुन्या डिझेल गाडीत डिझेलच्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा पंपाच्या अलीकडे, टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत असतं. तिथलं दुखणं फूटभर रबरी पाइप, दोन क्लिपा आणि चार वायसर यांत बरं होतं. पंप उतरवला की कॅलिब्रेशन, एलिमेंट, नोझल असं करत करत बिल पाच आकड्यांत जातं, आणि एवढं करून पाइपातली चीर जागच्या जागी राहिली असेल तर गाडी पुन्हा त्याच घाटात उभी राहते. मिस्त्री लबाडच असतो असं मला म्हणायचं नाही. पंप उतरवणं हे त्याच्या हातातलं, ठरलेलं काम असतं. गाडीखाली आडवं पडून चिरलेला पाइप शोधायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. ते पैसे द्या. शोधण्याची मजुरी वेगळी ठरवून द्या, स्वस्तात सुटाल.

रोज धावणारा टेम्पो आणि तुमची गाडी, दोघांचं इंजिन एकच असलं तरी दुखणी वेगळी असतात. टेम्पोच्या टाकीतलं डिझेल दोन दिवसांत बदलतं. तुमची गाडी जूनमध्ये सोसायटीच्या कोपऱ्यात उभी राहते ती दिवाळीलाच हलते. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा असते. रात्री पत्रा गार झाला की त्या दमटपणाचं पाणी होतं आणि टाकीच्या भिंतींवरून खाली उतरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं. आतून पत्र्याला गंज धरतो. रबर वापराविना कडक होतं आणि चिरा पडतात. शिवाय गाडीचं घर करताना कुणी ना कुणी टाकीला, नळीला किंवा झाकणाला हात लावलेला असतोच.

आता इंजिनाविषयी थोडं. बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आणली. जुन्या ट्रॅव्हलरमध्ये मर्सिडीजच्या परवान्याने बनलेलं ओएम ६१६ हे इंजिन असायचं: चार सिलिंडर, २.४ लिटर, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही. जर्मनीत याच जातीचं इंजिन मर्सिडीजच्या टॅक्सींत वर्षानुवर्षं राबलेलं आहे. त्याला डिझेल स्वच्छ आणि हवेविना मिळालं तर ते सहसा तक्रार करत नाही. त्याचा पंप ‘मायको’चा. १९५१ मध्ये सुरू झालेली ही कंपनी २००८ पासून बॉश लिमिटेड झाली, तरी गॅरेजमध्ये अजून मायको पंपच म्हणतात. या पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन किंवा तीन. एवढ्या नाजूक वस्तूवर रस्त्याच्या कडेला, धुळीत, पाना चालवू देणं हा शेवटचा उपाय असायला हवा, तो आपल्याकडे पहिला होऊन बसलाय.

डिझेलची वाट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टाकीत खालपर्यंत उतरलेली एक नळी असते, तिच्या तोंडाशी जाळी. तिथून चॅसिसच्या कडेने लोखंडी नळी आणि अधूनमधून रबरी पाइप. मग फीड पंप, जो मोठ्या पंपाच्या कुशीला लागलेला असतो आणि ज्याच्या डोक्यावर हाताने दाबायचा प्रायमर असतो. फीड पंप डिझेल टाकीतून ओढतो आणि फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे ढकलतो. मोठा पंप त्याला दाब देऊन लोखंडी नळ्यांतून नोझलकडे पाठवतो. उरलेलं डिझेल परतीच्या नळीने टाकीत जातं.

यातला टाकी ते फीड पंप हा पहिला तुकडा ओढीचा आहे. तिथे दाब नसतो, ओढ असते. उसाचा रस नळीने पिताना नळीला वरच्या अंगाला चीर असेल तर रस बाहेर सांडत नाही. तोंडात रसाऐवजी हवा येते. गाडीचं नेमकं हेच होतं. म्हणून मिस्त्री वाकून बघतो तेव्हा कुठेच ओल दिसत नाही, आणि ‘लाइन तर कोरडी आहे’ असं म्हणून तो पंपाकडे वळतो. ओढीच्या बाजूला कोरडेपणा हा निर्दोषपणाचा पुरावा धरू नका. गाडीने एअर घेतली असं आपण म्हणतो, ती बहुतेक इथूनच घेतलेली असते.

कुठून घेतली ते शोधायला हत्यारांच्या आधी कागद-पेन्सिल लागते. गाडी केव्हा बिघडते, याची नोंद करा. ही नोंद मिस्त्रीपेक्षा तुम्हीच चांगली करू शकता, कारण गाडी तुम्ही चालवता.

टाकी भरलेली असताना गाडी उत्तम चालते आणि काटा अर्ध्यावर आला की हिसके सुरू होतात, असं असेल तर टाकीतल्या उभ्या नळीला गंजून भोक पडलेलं असण्याचा संशय घ्या. डिझेल भोकाच्या वर आहे तोवर भोकातूनही डिझेलच येतं; पातळी खाली गेली की हवा. असा मालक दर वेळी टाकी भरून ‘आता बरी चालते’ म्हणून समाधान मानतो आणि कारण वर्षानुवर्षं सापडत नाही.

गाडी अर्धा-पाऊण तास नीट चालून दम सोडत असेल, बंद पडत असेल आणि दहा मिनिटं उभी केली की पुन्हा सुरू होत असेल, तर पुढच्या वेळी बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज आला तर टाकीला श्वास घ्यायची वाटच उरलेली नाही. डिझेल बाहेर जातं तितकी हवा आत यावी लागते. झाकणातलं बारीक भोक धुळीने बुजतं, किंवा हवेची नळी नव्या पत्र्याआड दबते, किंवा मूळ झाकण हरवल्यावर कुणीतरी घट्ट बसणारं दुसरंच झाकण लावलेलं असतं. घर केलेल्या गाड्यांत हे फार दिसतं, कारण बाहेरून पॅनेल मारणाऱ्याला ती बारीक नळी कशासाठी आहे हे माहीतच नसतं. कचरा उपशाच्या नळीपाशी अडकला तरी लक्षणं अशीच असतात: इंजिन चालू असेपर्यंत कचरा ओढीने जाळीला चिकटून राहतो, बंद झालं की सुटून खाली बसतो.

सकाळी भरपूर सेल्फ मारल्यावर गाडी सुरू होते आणि मग दिवसभर काही त्रास नाही? रात्री डिझेल मागे टाकीकडे उतरत असणार. एक रात्र तोंड उताराकडे करून गाडी लावा, दुसऱ्या रात्री चढाकडे. उताराला तोंड असताना पटकन सुरू झाली आणि चढाला तोंड असताना रडवलं, तर डिझेल मागे सरकतं हे नक्की झालं. फीड पंपातल्या झडपा किंवा अलीकडचा एखादा जोड तपासा. अशा गाड्यांच्या बॅटऱ्या आणि सेल्फ आधी मरतात, आणि मालक त्यांच्यावरच खर्च करत बसतो.

सपाटीला ठीक पण चढाला ओढत नाही, ही तक्रार बहुधा फिल्टर चोंदल्याची. चढावर इंजिनाला डिझेल जास्त लागतं तेव्हाच ते कमी पडतं.

नोंद झाली की दोन साध्या परीक्षा करा. पहिली कॅनची. पाच-दहा लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात चांगल्या पंपावरचं ताजं डिझेल भरा. फीड पंपाकडे येणारा टाकीचा पाइप सोडवा, तिथे नवा पाइप लावून तो कॅनमध्ये सोडा. परतीचा पाइपही कॅनमध्येच आणा, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होईल. एअर काढा आणि गाडी उभी ठेवूनच, रेस कमी-जास्त करत, दहा-पंधरा मिनिटं चालवा. नेहमी नखरे करणारी गाडी कॅनवर शहाण्यासारखी चालली, तर दोष टाकी किंवा तिच्या नळीत आहे. फीड पंप, फिल्टर, मोठा पंप आणि नोझल सगळे सुटले. कॅनवरही तीच रड असेल तर पुढे सरका. कॅन बांधून गाडी रस्त्यावर मात्र पळवू नका.

दुसरी परीक्षा पारदर्शक पाइपाची. फिल्टरमधून निघून मोठ्या पंपात जाणाऱ्या रबरी पाइपाच्या जागी तात्पुरता पारदर्शक पाइप बसवा आणि इंजिन चालू असताना बघा. सुरुवातीला चार बुडबुडे गेले तर हरकत नाही. बुडबुड्यांची रांग थांबतच नसेल तर हवा येते आहे. मग तोच पाइप फीड पंपाच्या अलीकडे लावून बघा, म्हणजे हवा कुठल्या टप्प्यावर शिरते ते कळेल. काम झालं की हा पाइप काढून टाका. दुकानातला साधा पारदर्शक पाइप डिझेलने आणि इंजिनाच्या उष्णतेने थोड्याच दिवसांत कडक होतो, आणि मग तोच एअर घेऊ लागतो.

दोष सापडो न सापडो, दहा-पंधरा वर्षांहून जुन्या गाडीत ओढीच्या बाजूचं सगळं रबर एकदा बदलूनच टाका. यावर माझं मत पक्कं आहे. पाइप घेताना ‘डिझेलसाठीचा’ असं सांगून घ्या. पाण्याचा किंवा कंप्रेसरचा पाइप चालत नाही. व्हायटॉनचा मिळाला तर उत्तम, त्याला आजच्या डिझेलचा त्रास होत नाही. क्लिपा धारदार कडेच्या घेऊ नका, त्या रबरात रुततात, आणि घट्ट आवळाल तितका पाइप लवकर कापला जातो. बॅन्जो बोल्टच्या दोन्ही अंगांचे तांब्याचे वायसर दर वेळी नवे टाका. जुना वायसर एकदा दबलेला असतो, तो दुसऱ्यांदा नीट बसत नाही. ही दहा-वीस रुपयांची काटकसर आहे आणि तिच्यापायी लोक घाटात रात्र काढतात.

जनरेटर असेल तर त्याचं डिझेल कुठून घेतलंय तेही पाहा. गाडी बांधणारे पुष्कळदा इंजिनाच्या ओढीच्या नळीलाच टी मारून देतात. जनरेटर बंद असताना त्या फांदीतून हवा शिरते आणि दोष इंजिनाचा वाटतो. जनरेटरसाठी टाकीत वेगळी नळी हवी, आणि ती मुख्य नळीपेक्षा आखूड हवी, म्हणजे रात्रभर एसी चालला तरी सकाळी पेट्रोल पंपापर्यंत जाण्यापुरतं डिझेल टाकीत शिल्लक राहतं.

पलंगाच्या गादीला डिझेलचा वास येतो, असं कुणी म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका. परतीची नळी खालून गळत असते. नोझलांना जोडणारे बारीक, कापडी वेष्टणाचे रबरी पाइप आणि शेवटच्या नोझलवरची टोपी, ही गळतीची नेहमीची ठिकाणं.

आता पाण्याकडे वळू. फिल्टरच्या तळाशी निचऱ्याचा स्क्रू असतो. पावसाळ्यात गाडी वापरत असाल तर महिन्यातून एकदा तो ढिला करून कपभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी पाण्याचा थर वेगळा दिसेल. पाणी आणि डिझेल भेटतात त्या रेषेवर काळा-तपकिरी, शेवाळासारखा थर असेल तर टाकीत बुरशी झाली आहे. डिझेलवर जगणारे जीव खरोखर असतात. हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी विमानांच्या इंधनटाक्यांतही त्रास देते. तिला वाढायला पाणी लागतं. म्हणून नुसतं बुरशीनाशक ओतून भागत नाही, आधी पाणी काढावं लागतं. नवा फिल्टर आठ-पंधरा दिवसांत चोंदला की तिसरा फिल्टर आणू नका, टाकी उतरवा.

टाकी धुण्याआधी गाडी एक रात्र हलवू नका, घाण तळाला बसू द्या, मग निचऱ्याचा बोल्ट काढून खालचं गढूळ डिझेल वेगळं घ्या. टाकीला भोक असेल तर ती वेल्डिंगला द्यायच्या आधी वाफेने धुतलेली असलीच पाहिजे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. डिझेल काही पेटत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. आपल्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश मागितलेला आहे. विदर्भातला मे महिना आठवा आणि काय ते ठरवा. याच कारणाने, डिझेलच्या कामाला हात लावण्याआधी गाडीतल्या गॅस सिलिंडरचा कॉक बंद करा, शेगडी, फ्रीज, इन्व्हर्टर सगळं बंद करा आणि बिडी-सिगारेटवाल्यांना लांब पिटाळा.

गाडी पावसाळ्यात उभी राहणार असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा. रिकामी जागाच नसेल तर पाणी साचायला हवा कुठून येणार? डिझेलचे एवढे पैसे अडकून पडतात हे खरं. टाकी धुण्याच्या खर्चापुढे ते काही नाहीत.

फिल्टर बदलल्यावर एअर काढणं प्रत्येक मालकाला आलंच पाहिजे. एकदा केलं की जन्मभर येतं. प्रायमरची मूठ फिरवून सोडवा. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे ढिला करा, खाली फडकं धरा. मूठ वर-खाली दाबत राहा. आधी फेस येईल, मग फसफसत डिझेल, मग बुडबुड्यांविना धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मोठ्या पंपावर एअर स्क्रू असेल तर तिथेही तसंच. मूठ परत घट्ट बसवायला विसरू नका, ती सैल राहिली तर तिथूनच हवा जाते. एवढ्यावर गाडी सुरू झाली नाही तर नोझलांकडचे दोन नट अर्धा आटा सोडून सेल्फ मारा, डिझेल डोकावलं की आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त नको. मध्ये त्याला थंड होऊ द्या. नवा फिल्टर बसवण्याआधी त्यात कॅनमधलं डिझेल ओतायची पद्धत आहे, ती मला पसंत नाही. ओतलेलं डिझेल गाळून न जाता थेट पंपाच्या बाजूला पोहोचू शकतं. प्रायमर कशासाठी दिलाय?

इथवर सगळं स्वच्छ निघालं तर पुढच्या भागाकडे जा, पण धुराचा रंग आधी बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. म्हणून पहिल्यांदा एअर फिल्टर काढून झटका, मग नोझलकडे बोट दाखवा. निळा धूर इंजिन ऑइलचा, त्याचा या लेखाशी संबंध नाही. पांढरा धूर आणि डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे न जळलेलं डिझेल. महाबळेश्वरला डिसेंबरच्या सकाळी असं होत असेल आणि इंजिन तापल्यावर थांबत असेल, तर हीटर तपासा. या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कोठडीत जळतं आणि ती कोठडी तापवायला प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. टेस्ट लॅम्पने करंट येतो का ते कळतं. काही जुन्या इंजिनांत चारही हीटर एकाच माळेत असतात, एक जळला की सगळे थंड. याही तक्रारीसाठी पंप उतरवला गेल्याचं गॅरेजमध्ये विचारलंत तर ऐकायला मिळेल.

एखादा सिलिंडर मारत नसेल तर गाडी आयडलला ठेवून एकेका नोझलचा नट किंचित ढिला करतात. ज्याचा नट सोडल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच मेलेला. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, आणि नोझलचा फवारा बोटाने अडवून बघू नका. या जुन्या इंजिनाचं नोझलसुद्धा शंभर बारहून जास्त दाबाला उघडतं. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते; वरून टोचल्याएवढी जखम दिसते आणि आत मांस सडत जातं. असं झालं तर मलम लावून थांबू नका, तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात जा आणि ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. तुमची गाडी नंतरची, कॉमन रेल इंजिनाची असेल तर नट ढिला करायची ही रीत तिच्यावर कधीही वापरायची नाही. तिथे दाब हजार बारच्या वर जातो. त्या गाडीला स्कॅनर लावणाराच माणूस हवा.

डिझेलमध्ये काय मिसळायचं, यावर प्रत्येक ढाब्यावर एक तज्ज्ञ बसलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ डिझेल मिळतं. त्यात गंधक दहा लाखांत १० भाग. त्याआधीच्या बीएस ४ मध्ये ५० असायचं, बीएस ३ मध्ये ३५०. गंधक कमी झालं म्हणून जुना पंप झिजेल, सबब टूटी ऑइल घाला, असं सांगितलं जातं. गंधक काढताना डिझेलचं वंगण कमी होतं हे बरोबर आहे, पण ते भरून काढायचं द्रव्य कंपनी आधीच घालते आणि वंगणाची अट मानकातच आहे. रॉकेल मात्र घालू नका, त्याने वंगण खरोखर घटतं. हायवेला ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तात विकलं जाणारं काहीबाही तर टाकीजवळही आणू नका. ते जुनं रबर फुगवतं आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं. लडाख-स्पितीला हिवाळ्यात जाणार असाल तर गोष्ट वेगळी. साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं विंटर डिझेल आणलंय. टाकीत मैदानातलं डिझेल शिल्लक ठेवून वर जाऊ नका, वरच्या पंपावर विंटर डिझेल मागून भरा.

गाडीत एक फिल्टर, दोन मीटर पाइप, क्लिपा, वायसरांची पुडी, १०, १३, १७ आणि १९ चे पाने, टॉर्च आणि कपडे धुण्याच्या साबणाची वडी ठेवा. वडी गळक्या टाकीसाठी. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही. चिरेवर घासून दाबला की पुढच्या गावापर्यंत नेतो. हा ट्रक ड्रायव्हरांचा जुना उपाय आहे.

आणि सगळं तपासूनही पंप किंवा नोझलच दोषी निघालं, तर पंप-नोझलच्या दुकानात जा, साध्या गॅरेजमध्ये उघडू देऊ नका. तिथे टेस्टिंगचा बेंच आहे का ते आधी पाहा. पंप काढण्यापूर्वी इंजिनावर आणि पंपावर मिळून टायमिंगची खूण करायला सांगा आणि तिचा फोटो काढून ठेवा. नोझल टेस्टरवर लावतील तेव्हा समोर उभे राहा, दोन हात लांब. चांगल्या नोझलचा फवारा बारीक धुक्यासारखा सुटतो आणि टर्र टर्र असा आवाज येतो. टोकाला थेंब लोंबत असेल तर ते बाद. चार नोझलांपैकी एकच खराब असेल तर चारही बदलायचा आग्रह का, हे विचारा. जास्त चाललेल्या इंजिनात कधीकधी त्याला कारण असतं, ते समजून घ्या. कॅलिब्रेशनचे आकडे काम करण्याआधीचे आणि नंतरचे, दोन्ही कागदावर मागा. काढलेले एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि नोझल तुमच्या पिशवीत परत आले पाहिजेत, आणि बिलावर टाकलेल्या प्रत्येक नोझलचा व एलिमेंटचा नंबर लिहिलेला असला पाहिजे.